ऊन दाखवलेलं विमान

विमानाचे पंख कापडाचे असायचे, असं मी सांगितलं की आजकालची माणसं माझ्याकडे दयेनं बघतात. म्हातारा बरळतोय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. अहो, असायचे. लाकडाचा सांगाडा, त्यावर शिवलेलं सुती कापड आणि कापडावर रोगणाचे थर. ते रोगण वाळताना आक्रसायचं आणि कापड डफासारखं ताणून धरायचं. लढाई संपल्यावर अशी लहान विमानं स्वस्तात विकायला निघाली, शेठलोकांनी ती हौसेनं घेतली, आणि ती दुरुस्त करणाऱ्या मुंबईच्या एका कारखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्याकडे कापड तपासायचं काम होतं. जुनं कापड अजून उडण्याजोगं आहे की नाही, ते मी सांगायचं.

हे काम कुणाला आवडत नाही. ज्याचं विमान असतं त्याला ‘चालेल’ एवढंच ऐकायचं असतं, आणि मला खोटं ‘चालेल’ म्हणता येत नाही. त्यापायी मी खूप भांडलो. कारखान्यात माझ्या माघारी मला काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणोत बापडे.

तपासायची रीत साधी. आधी नखानं टिचकी मारायची आणि कान द्यायचा. मग अंगठ्यानं दाबायचं. शंका आलीच तर आमच्याकडे एक लहानसं टोकदार हत्यार असे, आत स्प्रिंग बसवलेलं. ते दाबलं की कापड किती सोसतं ते कळे. आणि हे सगळं पंखाच्या वरच्या अंगाला करायचं. खालच्या अंगाला ऊन लागत नाही, ते कापड वर्षानुवर्षं धडधाकट राहतं. वरचं मात्र उन्हानं विरतं. शिवाय विमान उडतं तेव्हा हवा वरच्याच कापडाला वर ओढत असते, म्हणजे जे आधी विरतं त्याच्यावरच जास्त भार. नुसत्या ताठपणावर आणि चकाकीवर तर मुळीच जायचं नाही. विरलेल्या कापडावर रंगाचा नवा हात दिला की तेही ताठ होतं आणि नवरदेवासारखं मिरवतं.

एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

आमचं गाव माणगावच्या अलीकडे, भाताची दोन खाचरं आणि वर डोंगर. आई लवकर गेली आणि मला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं. ती तेव्हा स्वतःच परकर नेसत होती, पण मला भरवणं, रागावणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं तिनं केलं. तिच्याइतकं जवळचं मला या जगात कुणी नव्हतं, हे सरळच सांगतो. ताईला तळे गावी दिली. भावोजी उंच, हसतमुख आणि हट्टी. लढाईच्या दिवसांत ते विमान चालवायला शिकले होते. जावई म्हणून आमच्या घरी त्यांचा शब्द कधी खाली पडला नाही, आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्यांचा अभिमान वाटायचा.

पुढे मुंबईच्या एका शेठनं त्यांना नोकरीला ठेवलं. शेठचा बंगला किहीमच्या बाजूला माडांच्या वाडीत, समोर समुद्र. विमान दोन मजली पंखांचं, पुढच्या जागेवर पाहुणा आणि मागे चालवणारा. ओहोटीला वाळूची जी कडक पुळण उघडी पडते तीच धावपट्टी. ताई आणि भावोजी वाडीतल्याच एका खोलीत राहायचे. विमानाच्या राखणीला शेठनं एक म्हातारा तांडेल ठेवला होता. जन्मभर गलबतं हाकलेला माणूस. विमानाला तो होडीच म्हणायचा, आणि होडीसारखंच जपायचा.

दसऱ्याच्या आधी ताईचा निरोप आला. शेठनं सीमोल्लंघन विमानातून करायचं ठरवलंय, पहिल्या फेरीला सवाष्ण बसवायची आहे, शेठाणीनं कानाला हात लावले म्हणून तो मान मला दिलाय, तर तू बघायला ये. निरोप घेऊन आलेला माणूस जाता जाता म्हणाला की विमानाला नवा रंग दिलाय, ओळखू येत नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी पिशवीत धोतरजोडीबरोबर ते टोकदार हत्यारही टाकलं.

दसऱ्याच्या सकाळी लाँचनं रेवसला उतरलो आणि टांग्यानं वाडीत पोचलो. विमान पुळणीवर आणून उभं केलं होतं. लालभडक. पुढच्या पंख्याला झेंडूची आणि आंब्याच्या पानांची माळ, चाकांखाली नारळ फोडल्याच्या खुणा, नाकावर हळदकुंकू. शेठनं मुंबईहून पाहुणे आणले होते. सगळे कौतुकानं बघत होते आणि मला मात्र ते लाल अंग बघवेना. इतका गडद रंग तर ऊन आणखी पितो.

तांडेल मला बघून धावत आला. कापडाचा माणूस आलाय म्हणून त्याला फार आनंद झाला होता. माझा हात धरून तो मला खालच्या पंखाखाली वाकवून घेऊन गेला आणि म्हणाला, “ह्यो बगा बूड. कुठं डाग हाय? इलं तवापासून एक दिस सोडला न्हाय सायब. उघडीप पडली का भायेर काढलंय, दिवसभर उनात ठेवलंय. ओल म्हनून धरू दिली न्हाय.”

मी पंखाखालून बाहेर आलो आणि वरच्या पंखाकडे पाहिलं.

त्याला काय बोलणार? आमच्याकडे माणूस ओलीला भितो. चार महिने घरात सगळ्याला बुरशी चढते, चपलांना, पापडांना, पेटीतल्या शालूला. म्हणून उघडीप पडली रे पडली की जो तो आपली चीजवस्तू अंगणात आणतो. गाद्या, भात, जाळी, देवाची वस्त्रं, बाळाची दुपटी. ऊन दाखवलं की आम्हाला वाटतं औषध दिलं. मीही त्याच मातीतला, माझी आई-आजी हेच करत आल्या. आणि होडी कुजते ती बुडाकडून, म्हणून तांडेल बूड जपत आला होता. वरच्या पंखाची पाठ जमिनीवरून दिसतही नाही. तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, रंगाचा हात द्यायला चढला असेल तेवढंच. मायेनं केलेल्या कामानं ते कापड रोज थोडं थोडं मारलं होतं, आणि आज त्याखाली माझी ताई बसणार होती.

मी शेठकडे गेलो आणि वरचं कापड तपासायला एक स्टूल मागितलं. पिशवीतून हत्यार काढलं मात्र, चार तोंडं एकदम उघडली. काल नवमीला विमानाची पूजा झाली आहे. पूजलेल्या वस्तूला सीमोल्लंघन होईपर्यंत कुणी हात लावत नाही, लोखंड टोचायची तर बातच सोडा. तांडेल तर हत्यार बघून मागेच सरकला. शेठ गोड बोलणारा माणूस. उद्या वाटेल तेवढं टोच, आज नको, असं म्हणाला. भावोजी हसले. खालून अंगठ्यानं बघ हवं तर, म्हणाले, म्हणजे तुझंही समाधान होईल.

मी खालून दाबलं. कापड ठणठणीत होतं. ते तसंच असणार होतं. यावरून काही कळत नाही म्हणून मी मान हलवली, तशी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, जणू काही मी पास केलं. मी ओरडून सांगितलं की खालचं कापड चांगलं असल्यानं काही सिद्ध होत नाही, ऊन वर लागतं, भार वर येतो, वर बघितल्याशिवाय हे विमान हलता कामा नये. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सणाच्या दिवशी हा कोण तोंड वाजवतोय, असं त्यांना वाटत होतं. भावोजींच्या कपाळावर आठी आली. चारचौघांत जावयाच्या कामात बोट घातलेलं कुणाला चालतं?

तोवर बायकांनी ताईची ओटी भरली होती. हिरवं लुगडं, केसांत शेवंती, मांडीवर ओटीचे तांदूळ आणि नारळ. तिला पुढच्या जागेवर बसवली आणि पट्टा बांधला. ती लाजत होती आणि आतून फुललेली होती. जन्मभर दुसऱ्यांचं करत आलेल्या बाईला कुणीतरी पहिल्यांदा मान दिला होता. आणि मी तोच हिसकावून घ्यायला निघालो होतो. ओहोटी पुरती लागली होती. थोड्या वेळानं पाणी वळलं असतं आणि पुळण गेली असती, म्हणून सगळ्यांना घाई झाली होती.

माझं टाळकं फिरलं. वाडीतल्या बाकाजवळचं एक स्टूल उचललं, विमानाच्या बाजूला टाकलं, वर चढलो आणि हात लांब करून वरच्या पंखाच्या पाठीवर अंगठा टेकवला. हत्यार वापरलंच नाही. गरजच पडली नाही. मी नुसता दाबला आणि अंगठा आत गेला, पापड मोडावा तसा. मग सगळा पंजा आत गेला. मी तो मागे ओढला तशी कापडाची लांब पट्टी टरकत आली आणि सांगाड्याच्या फळीशी जाऊन थांबली.

मी ती पट्टी खाली आणून शेठच्या नाकासमोर धरली. वरून लाल, ताजी, चकचकीत. आतून तांबूस तपकिरी. चिमटीत चुरगळली तर तिचा भुगा झाला आणि वाऱ्यावर गेला.

मला वाटलं, झालं. आता कुणाला वेगळं सांगायला नको. पण माणसांना भुगा दिसलाच नाही. पूजलेल्या विमानाला दसऱ्याच्या दिवशी भोक पाडलं, एवढंच दिसलं. एक म्हातारी बाई देवाचं नाव घेत उठून गेली. तांडेल वाळूत बसला आणि तोंडातल्या तोंडात म्हणत राहिला की मी तर ऊन दाखवीत होतो. त्याचा मला राग येईना, फार वाईट वाटलं.

भावोजींनी कापडाला हात लावून पाहिलाही नाही. लढाईत याच्या दुप्पट भोकं घेऊन परत आलोय, म्हणाले. मी म्हटलं, ते कापड नवं होतं. नव्या कापडाला भोक पडलं तर ते भोकच राहतं. विरलेल्याला पडलं की ते धावत सुटतं. शेठनं तांडेलाला सांगितलं की शिवून टाक, आणि तांडेल शिडाची सुई घेऊन स्टुलावर चढला. बिचाऱ्यानं सुरेख शिवलं. शिडाचा टाका, घट्ट, एकसारखा. मी खालून सांगत होतो की टाका चांगला आहे, पण घालतोस कशात? प्रत्येक टाक्याला नवं भोक पडतंय. वरून रंगाचा हात फिरला आणि पुन्हा सगळं लालभडक झालं. मी हे विमान पास करणार नाही, असं शेठला बजावलं. तो म्हणाला, पास करायचं पुढच्या महिन्यात, आज फक्त एक फेरी.

एवढा वेळ ताई जागची हलली नव्हती. ओटी मांडीवर धरून समोर समुद्राकडे बघत होती. भावोजी मागे चढले. माळ काढून घेतली आणि पंखा फिरवायला माणूस पुढे आला, तसा मी धावलो. ताईचं मनगट धरलं आणि म्हटलं, “ताई, उतर. नाहीतर मी चाकापुढे आडवा पडतो.”

तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. भावोजी पुढेच बघत होते. “उतर,” ते म्हणाले, “त्याचा जीव शांत होऊ दे.”

ती उतरली. ओटीचे तांदूळ वाळूत सांडले. मी तिला मागे ढकललं आणि पंखाकडे झेपावलो, उरलेलं कापडही फाडून टाकायला. पण शेठनं खूण केली होती, आणि वाडीतल्या गड्यांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं. तगडे गडी होते, मला हलता येईना. लोक आजही मला विचारतात की तुम्ही आधीच सगळा पंख का नाही फाडलात. विचारणाऱ्यांनी एकदा चारचौघांत आपल्या बहिणीचा नवरा चालवतो ते विमान फाडून दाखवावं, मग विचारावं.

“भावोजी, उतरा,” मी धरल्या जागेवरून ओरडलो. “पाया पडतो तुमच्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. आमच्या घरी जेवायला बसताना बघायचे तसंच हसून.

“बायकोही उतरली, आता मीही उतरलो तर शेठला काय तोंड दाखवू?” म्हणाले.

यंत्र सुरू झालं. विमान पुळणीवरून पळालं, उचललं, माडांच्या उंचीला गेलं, समुद्रावर गेलं. पाहुणे हात हलवत होते. मला गड्यांनी सोडलं, आता धरून काय करायचं होतं? ताई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी विमानाकडे नव्हे, त्या वरच्या पंखाकडे बघत होतो. अजून धरलंय, अजून धरलंय, असं मनात म्हणत होतो. मीच चूक ठरावं, सगळ्यांनी मला हसावं, जन्मभर हसावं, असं मला वाटत होतं. एवढी एकच प्रार्थना मी मनापासून केली आहे.

भावोजींनी खोल समुद्रावर वळण घेतलं आणि आमच्याकडे तोंड केलं. पाहुण्यांना जवळून दाखवावं म्हणून ते खाली आले असावेत. वळताना पंखाच्या पाठीवर काहीतरी लाल उभं राहिलं. आधी हातभर, मग एकदम पंखभर. शिवण जशीच्या तशी होती, ते नंतर आम्ही पाहिलं. टाका एकही सुटला नव्हता, भोवतालचं कापडच गेलं होतं. विमान त्या बाजूला कललं, आवाज चढला, आणि ते लाटांच्या पलीकडे पाण्यात गेलं. आवाज तिथेच थांबला.

किनाऱ्यावरची होडी पाण्यात ढकलली. तांडेल स्वतः गेला, त्या वयात वल्ही मारत. आम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतो. भरती चढत होती. होडी परत येताना दिसली तेव्हा तांडेल उभा नव्हता. तो खाली बसला होता आणि त्याच्या डोक्याला फेटा नव्हता. फेटा त्यानं कुणावर तरी घातला होता. त्यावरून आम्ही समजलो. ताई पाण्यात खाली बसायला लागली तशी मी तिला बगलेत धरून बाहेर आणलं.

शेठनं बंगला विकला, विमानाचा सांगाडा कुठे गेला मला माहीत नाही. तांडेलाला मी नंतर एकदाच भेटलो. मी त्याला सांगितलं की तुझी चूक नव्हती, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं आणि उठून आत गेला. कारखान्यात मी तेच काम पुढे कितीतरी वर्षं केलं. आधीपेक्षा जास्त भांडलो. नवा रंग दिसला की आधी फाडायचो, मग बोलायचो, आणि कुणाच्या पूजेची, कुणाच्या मानाची पर्वा केली नाही.

पण मला सांगायचं आहे ते तळ्याचं, ताईच्या सासरचं. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि मी मुंबईला निघायचो त्या सकाळी ताईनं मला लवकर जेवायला वाढलं. लहानपणी वाढायची तशीच, समोर बसून. कपाळ मोकळं होतं, त्याकडे माझ्यानं बघवत नव्हतं. मी ताटाकडे बघत होतो. इतक्या दिवसांत ती माझ्याशी त्या गोष्टीबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. मला वाटलं, निघताना म्हणेल की तू मला वाचवलंस. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होतो.

“अरे,” ती म्हणाली, “माझं मनगट धरलंस. तसंच त्यांचंही धरायचं होतंस रे.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला मी तोंड देऊ शकतो, भांडण मला येतं. ती अगदी हळू, समजावल्यासारखं बोलली. उत्तरं माझ्याकडे सगळी होती. गड्यांनी मला धरलं होतं. ते जावई होते. ते स्वतःच्या तोंडानं नाही म्हणाले होते. पण हे सगळं तिनं तिथे उभं राहून पाहिलंच होतं, तिला मी नव्यानं काय सांगणार? मी भात कालवत राहिलो. ताटातला भात संपत आला तसा तिनं मला न विचारता आणखी वाढला.